चौऱ्याण्णव बिननावी डबे

जा. क्र. ११/२०२५
सावेडी, अहिल्यानगर
दि. २१ जुलै २०२५

तीर्थरूप आक्काच्या पायांशी धाकट्या रंगनाथाचा साष्टांग नमस्कार. कंबर साथ देत नसल्याने तो खुर्चीत बसूनच घातला आहे, असे समजावे.

तुझे पत्र मिळाले. पानभर कागदावर पंधरा शब्द आणि तेही उतरणीला लागलेले. 'मोतीबिंदू' या एका शब्दात तू तीन चुका केल्या आहेस. त्या लाल शाईने दुरुस्त करून पत्र सोबत परत पाठवीत आहे. साक्षरतेच्या वर्गात तू सत्तराव्या वर्षी अक्षरे शिकलीस याचे कौतुक आहेच; परंतु पारनेरच्या तहसील कचेरीत मी चौतीस वर्षे दप्तरी होतो आणि अशुद्ध कागद हा कागदच नव्हे, असे खुद्द मामलेदारांना तोंडावर सांगितलेला मनुष्य आहे. शिक्षण चौथी असले तरी ती जुनी चौथी आहे.

आता मुख्य विषय. तुझ्या उजव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख मंगळवार, १६ सप्टेंबर अशी पक्की केली आहे. डावा डोळा तू 'पुढच्या साली बघू' म्हणत घालवलास. उजव्याला पुढचे साल नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. इस्पितळ माझ्या घरापासून जवळ आहे. दहा दिवस माझ्याकडे राहावे.

जेवणाची काळजी नसावी. तुझ्या भावजयीच्या तेराव्याला मी चारचौघांत जाहीर केले होते की, यापुढे स्वतःच्या हाताने रांधून खाईन, कोणाचा मिंधा होणार नाही. त्याप्रमाणे यथास्थित चालू आहे. आज सकाळी बाजरीची भाकरी व मुगाची आमटी केली. आमटी उत्तम साधली.

दूरध्वनी करू नये. त्यावर बोललेल्याची स्थळप्रत राहत नाही. शिवाय तुझा मोबाईल म्हशीच्या पाण्याच्या टाकीत पडला आहे, असे तुझा मुलगा आसाराम कळवितो.

तुझा,
रंगनाथ भिकाजी लवांडे
सेवानिवृत्त दप्तरी

•

तिसगाव
२७ जुलै

चि. रंगास आक्काचा आशीर्वाद.

माझं पत्र लाल करून परत धाडलंस. आसारामाची बायको म्हनली, आत्याबाई, तुमी नापास झालात.

डोळ्याचं म्हनशील तर मला कापाकापीचं भ्या वाटतंय असं न्हाई. पन इथं कामं लई हायती. म्हशीला दिवस हायेत. आनि दुसरं, मागच्या साली पुन्याला तुझ्या हर्षलकडं गेल्ते तवा त्यानं मोबाईलवरनं जेवन मागवलं. दोन दिस खाल्लं अन् चार दिस झोपून हुते. तवाच शपथ घेतली, ज्या घरात चूल पेटत न्हाई तिथं आक्का मुक्कामाला जायाची न्हाई. डोळ्यात औषध घालून आंधळ्यावानी पडल्यावर म्होरं काय वाढलंय ते बी दिसायचं न्हाई. मग खायाचं कुनाच्या भरवशावर?

तू रांधतोस म्हनतोस. तू तर लगीन होईस्तवर पानी बी वतून घेत न्हवतास. म्हनून एक करते. भाजीच्या टेम्पोबरूबर माझा स्टीलचा डबा धाडते, लसनाची चटनी घालून. डब्यावर माझं नाव कोरलंय, बदलायचा न्हाई. डबा रिकामा परत धाडायचा नसतो, येवढं चौथीत शिकवलं आसंल. पोळ्याच्या सनाला त्यात तुझ्या हातचं कायतरी घालून धाड. खाऊन बघंन अन् मग ठरवंन.

आक्का

•

जा. क्र. १४/२०२५ (रजिस्टर पोस्टाने)
दि. २ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ताटपोच, पुणे.

विषय: आपणांकडून आलेली भांडी परत करण्याबाबत.

महोदय,

मी माझे चिरंजीव हर्षल यांनी मोबाईलमध्ये बसवून दिलेल्या आपल्या सेवेद्वारे जानेवारीपासून दोन्ही वेळचे भोजन घेत आहे. घरातील गॅसची शेगडी तेव्हापासून बंद आहे. ही बाब गोपनीय समजावी.

बरेचसे भोजन कागदात व पिशवीत येते; तरी आजमितीस माझ्याकडे प्लास्टिकचे चौऱ्याण्णव डबे धुऊन, पुसून, आकारमानाप्रमाणे रचून ठेवलेले आहेत. आमच्याकडे भांड्यावर मालकाचे नाव कोरलेले असते. त्यामुळे भांडे कोणाचे व कोठे परत करावयाचे, हे कळते. आपल्या एकाही डब्यावर नाव नाही. भोजन आणून देणारे श्री. पुंजाराम यांस डबे परत देऊ केले असता ते म्हणाले, "बाबा, हे परत घेत नसतात, फेकून द्या." फेकून देण्याचा आदेश डब्यावर कोठेही छापलेला नाही. स्वयंपाकघरात आता मला आडवे होऊन शिरावे लागते. तरी मालकांची नावे कळवावीत.

दुसरी बाब. एप्रिलपासून मी 'मायेचा घास' या एकाच ठिकाणचे भोजन घेतो. त्यापूर्वी जे येत असे त्यात कोणतीही भाजी मागविली तरी पनीर निघे आणि ते पोहोचेपर्यंत खोडरबर होत असे. 'मायेचा घास'चे भोजन उत्तम आहे. म्हणून मी त्यास नियमितपणे पहिला क्रमांक, म्हणजे एक तारा, देत आलो आहे. पनीरवाल्यास शेवटचा, म्हणजे पाचवा, दिला होता.

परंतु या 'मायेचा घास'मध्ये माझ्या परवानगीवाचून बदल केले जातात. मी मागणी केलेली नसताना तिखट निम्मे केलेले असते. भाकरी दुधात मऊ केलेली असते. वांग्याचे देठ काढलेले असतात. मला समोरचे दात नाहीत, ही माझी खासगी बाब आहे. ती आपल्याकडे कोणी कळविली, याचा खुलासा व्हावा.

आपल्या संस्थेच्या नावातच 'पोच' आहे. तरी या पत्राची पोच द्यावी.

आपला विश्वासू,
रंगनाथ भिकाजी लवांडे

•

(मोबाईलवर आलेला संदेश. रंगनाथ यांनी हाताने उतरवून फाईलला लावलेला.)
दि. ९ ऑगस्ट २०२५

हाय रंगनाथ! तुमचा अनुभव चांगला नव्हता याचं आम्हाला वाईट वाटतं. 'मायेचा घास' या किचनला तुम्ही सातत्याने दिलेल्या १ स्टार रेटिंगची आम्ही गंभीर दखल घेतली आहे. संबंधित किचनवर योग्य ती कारवाई करण्यात आली आहे. तुमची तक्रार बंद करण्यात येत आहे. पनीर टिक्कावर खास सवलत फक्त तुमच्यासाठी!

•

जा. क्र. १६/२०२५
दि. २३ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आक्कास रंगनाथाचा नमस्कार.

तुझा डबा भाजीच्या टेम्पोने परत पाठवीत आहे. तो रिकामा नाही. त्यात माझ्या देखरेखीखाली काल पोळ्यानिमित्त सिद्ध झालेल्या आठ पुरणपोळ्या आहेत. तुला शंका राहू नये म्हणून कृती थोडक्यात नमूद करतो.

प्रथम पुरण स्वीकारण्यात आले. त्यानंतर ते वीस मिनिटे तयार होत होते. तयार झाल्यावर ते मार्गस्थ झाले. मध्यंतरी चौकात पंधरा मिनिटे थांबल्यामुळे किंचित विलंब झाला. परंतु एकूण पन्नास मिनिटांत काम पूर्णत्वास गेले. पोळ्या लुसलुशीत झाल्या आहेत. मी स्वतः दोन खाल्ल्या.

तुझ्या मागील पत्रात 'लसूण' चुकला आहे. तसेच तुझ्या ओळी आता कागदाच्या खाली उतरून टेबलावर गेल्याचे दिसते. 'आक्का' हा शब्द अर्धाच उमटला आहे. यावरून उजव्या डोळ्याची स्थिती माझ्या ध्यानात आली. चेष्टा पुरे. १६ तारखेस तीन आठवडे उरले आहेत. म्हशीची व्यवस्था आसाराम पाहील.

तू येत आहेस असे कळव. मी वाट पाहत आहे.

रंगनाथ

•

तिसगाव
२९ ऑगस्ट

रंगा,

हे पत्र आसारामाच्या बायकूकडनं लिहून घेतीय. मला आता रेघ दिसत न्हाई. तिचं शुद्धलेखन तपासू नको, ती बारावी हाय.

पुरन मार्गस्थ झालं म्हनं. अठ्ठ्याहत्तर वर्सं झाली, माझं पुरन कवा शिजलं, कवा करपलं, एकदा कुत्र्यानं नेलं, पन चौकात जाऊन थांबलं असं कवा झालं न्हाई.

डबा उघडला तर पोळ्यांच्या खाली टमाट्याच्या सॉसची पुडी, हर्षलकडं मोबाईलच्या जेवनात यायची तसली. सूनबाई हसून हसून चुलीम्होरं बसली. तवर मला वाटलं, रंगा खोटारडा हाय, एवढंच.

मग म्या पोळी हातात घेतली. डोळ्याला दिसत न्हाई, हाताला दिसतं. पोळी तिघडी हुती. सगळी दुनिया पोळीची दुघडी नायतर चौघडी घालती. माझा हाच डबा अरुंद, त्यात दुघडी मावत न्हाई, म्हनून म्या तिघडी घालायला लागले. अन् तशी घालायला एकाच पोरीला शिकवलं. खाऊन बघितली तर पुरनात सुंठ अन् मिठाचा खडा. ती बी माझीच शिकवन.

ह्या पोळ्या सुरेखीच्या हातच्या हायेत, रंगा. आपल्या सहादेव भावाची सुरेखी. आईबाप गेल्यावर माझ्या मांडीवर वाढलेली. अकरा वर्सांमागं तिनं मिशनच्या शाळंतल्या अँड्र्यू मास्तराशी लगीन केलं तवा तू कचेरीच्या भाषेत तिला पत्र धाडून तोडली. मी गप बसले, कारन तू शिकलेला अन् मी अंगठा. ती तवापासनं नगरात हाय एवढंच कळायचं. तिनं बी कवा पाऊल टाकलं न्हाई.

कवापासनं खातोस तिच्या हातचं? ज्या पोरीला दारात उभं केलं न्हाई तिचं रोज दोन टायमाला गिळतोस, अन् तुला ठाव बी न्हाई. काय मोबाईल म्हनायचा का काय. रांधनारा दिसू नये, खानारा दिसू नये, अन् मधी गाडी फिरती.

आता माझं ऐक. तिचे जेवढे डबे तुझ्याकडं असतील तेवढे सवताच्या हातानं तिला नेऊन दे. रिकामे न्हाई. तू रांधून. खरंच रांधून, मार्गस्थ करून न्हाई. तसं झालं म्हनून पत्र आलं तरच सोळाला मी यष्टीत बसंन. न्हाई तर डोळा ऱ्हाऊ दे. मला बगायला कोन हाय तरी तिकडं, तू?

आक्का

•

जा. क्र. १९/२०२५
दि. ७ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आक्काच्या चरणी.

तुझे पत्र तीन वेळा वाचले. त्यात लाल शाई लावण्याजोगे पुष्कळ होते. लावली नाही.

जानेवारीपासून मी खोटे लिहीत आलो, हे लेखी कबूल करतो. जेवण ताटपोच नावाच्या कंपनीकडून येत होते. त्यांना मी तक्रारही केली होती. त्यांचे उत्तर 'हाय रंगनाथ' असे सुरू झाले, त्यावरून व्यवस्थापक आपल्याच भागातील असावेत अशी माझी समजूत झाली. ते 'रंगनाथ आहे का' असे विचारीत आहेत असे वाटून मी 'होय, आहे' असे उत्तरही पाठविले. त्यास उत्तर म्हणून पनीर टिक्क्याची आणखी एक सवलत आली.

श्री. पुंजाराम यांस विचारले की, 'मायेचा घास' कोठे आहे. हे पन्नाशीचे गृहस्थ पूर्वी शुगर फॅक्टरीत होते; आता गाडीवरून जेवण पोहोचवितात. ते म्हणाले, "बाबा, तुमच्या मागच्या गल्लीत. चिंचेखालचं घर. तिथून उचलतो, मग चौकात दुसऱ्याचं पार्सल घेतो, मग बायपासला देऊन तुमच्याकडं येतो. मोबाईल फिरवील तसा फिरतो." माझ्या दारापासून ते घर तीनशे बारा पावले आहे. मी नंतर मोजली.

काल सकाळी शेगडी पेटविली. पिठले केले. त्यात गाठी पडल्या. त्या फोडू गेलो असता त्यांची संख्या वाढली. तरीही ते निळ्या झाकणाच्या एका डब्यात भरले. निळ्या झाकणाचे, म्हणजे 'मायेचा घास'चे, एकूण एकोणऐंशी डबे निघाले. उरलेले अठ्ठ्याहत्तर रिकामे कसे न्यावेत? म्हणून प्रत्येकात चिमूटभर साखर घातली. दोन पोत्यांत भरून सायकलला लावले आणि सायकल ढकलत नेली.

दार सुरेखानेच उघडले. हात पिठाचे होते. मला पाहून ती बाजूला झाली नाही. म्हणाली, "या तात्या. अजून एक तारा द्यायचा राहिला का?"

मी म्हणालो, "चांगल्याला मी नेहमी पहिला क्रमांक देतो."

तिने विचारले, "तात्या, एक म्हणजे पहिला?"

"अर्थात. पाचवा कोणाला हवा असतो?"

यावर ती उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. आधी मला ती रडते आहे असे वाटले. थोडे तेही असावे. नंतर कळले की, माझ्या पहिल्या क्रमांकांमुळे कंपनीने तिला यादीत तळाशी टाकले आहे आणि तिची गिऱ्हाइके निम्मी झाली आहेत. आतून अँड्र्यू मास्तर आले व त्यांनी मला खुर्ची दिली. सभ्य गृहस्थ आहेत. 'ऱ्हस्व-दीर्घ' नीट उच्चारतात.

मी विचारले, "मी जेवतो हे तुला ठाऊक होते?"

"चिठ्ठीवर नाव छापून येतं ना. रंगनाथ भिकाजी. पहिल्या दिवशी वाटलं, मूठभर मिरची टाकावी."

"मग?"

"मग आठवलं, तुम्हाला दात नाहीत. मिरची लागली तर चावून थुंकता पण येणार नाही."

मी उभा राहिलो. पोत्यांवर हात ठेवून म्हणालो की, २०१४ साली तुला पाठविलेले पत्र मी मागे घेऊ इच्छितो. परंतु जावक झालेला कागद मागे घेण्याची तरतूद नाही, हे मला माहीत आहे. त्यामुळे काय करावे, हे मला सुचत नाही.

तिने आत जाऊन बायबल ठेवायच्या कपाटातून ते पत्र आणले. घडीवर घडी. माझ्यापुढे धरून म्हणाली, "वाचा. तिसरी ओळ."

तिसऱ्या ओळीत मी लिहिले होते, 'आजपासून तुझा व आमचा संबंद संपला.' संबंद. 'ध'च्या जागी 'द'. माझ्याच अक्षरात, खाली सही.

सुरेखा म्हणाली, "लहानपणी तुम्हीच पाटी फेकून द्यायचात. अशुद्ध कागद हा कागदच नव्हे. अकरा वर्षं वाट बघतेय, तात्या, कधी दुरुस्तीला येता. तुम्ही संबंद तोडलात. संबंध कुठं तोडलात?"

मी खिशातून लाल पेन काढला. शब्दाखाली रेघ मारली. समासात 'कागद अवैध, फेटाळला' असे लिहून सही केली व तारीख घातली. यापेक्षा अधिक मला करता आले नाही. तिने पिठल्यात बोट बुडवून चाखले आणि म्हणाली, "गाठी मोजून घातल्यात का?" डब्यांना तोवर मुंग्या लागल्या होत्या.

१६ तारखेस सुरेखा इस्पितळात तुझ्याजवळ बसणार आहे. ती म्हणते, "आत्याला सांगा, पोळी तिघडीच येईल." आता तू येतेस की नाही?

तुझा खोटारडा भाऊ,
रंगनाथ

ता. क. ताटपोच मोबाईलमधून काढून टाकले. काढताना त्याने 'का जाताय' असे विचारून चार कारणे दिली. 'पुतणी मागच्या गल्लीत सापडली' हे त्यांत नव्हते.

•

तिसगाव
५ ऑक्टोबर

चि. रंगास,

हे मी सवता लिहितीय. बघ, अक्षर बारीक आलंय अन् रेघेवर हाय.

पट्टी काढली तवा पयलं तुझं तोंड दिसलं. मी डॉक्टरला म्हनले, परत बांधा. तू लई म्हातारा झालास रं. अंधारात बरा वाटत हुतास. सुरेखी मातूर तशीच हाय, नाकावर पीठ घेऊन फिरनारी.

इस्पितळातनं आल्यावर तुझ्या फाटकावर तू लावलेली पाटी बघितली. 'सूचना: चिंचेखालील घरी उत्तम भोजन मिळते. इच्छुकांनी स्वतः चालत जावे. डबा स्वतःचा, नावासह आणावा. हुकुमावरून.' कुनाच्या हुकुमावरनं, ते इचारलं न्हाई. पन तुझ्या कट्ट्यावरची सगळी पेन्शनवाली म्हातारी आता सकाळी डबं घेऊन लायनीत उभी ऱ्हात्यात, ते बघितलं. पुंजाराम बी तिथंच जेवाया बसतो. फिरवायला मोबाईल न्हाई म्हनून खूश हाय.

तू बाजारातनं सुरेखीला स्टीलचा डबा आनलास, त्यावर नाव कोरून घेतलंस, 'सौ. सुरेखा अँड्र्यू'. म्या नव्या डोळ्यानं अक्षर न् अक्षर तपासलं. एक बी चूक न्हाई. पास.

आता एक तक्रार हाय, ती नीट वाच. निघायच्या दिशी सुरेखीची दोन्ही पोरं माझ्याजवळ आली, दार लावून घेतलं अन् हळूच सांगितलं. तू रोज तिच्या घरचं जेवतोस अन् डबा रिकामा धाडायचा न्हाई म्हनून रोज पिठलं करून घालून धाडतोस. सतरा दिस झाले. सुरेखी तुझं मन मोडायला नको म्हनून त्यास्नीच वाढती. धाकटा तर झोपंत बी गाठी मोजतोय.

पोरं म्हनत्यात, आजी, आजोबांना लिहा की एक दिस तरी डबा रिकामा धाडा.

आक्का